फिरती नोटरी म्हणून कर्जाच्या कागदांवर सह्या घेण्याचे काम : प्रत्यक्ष अडचणींविषयी मार्गदर्शन हवे आहे

रानजाई (प्लेनो, टेक्सास)

नमस्कार मंडळी,

गेले आठ महिने मी डॅलसच्या उत्तरेकडील भागात नोटरी साइनिंग एजंट म्हणून काम करते आहे. ज्यांना या कामाची कल्पना नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घरासाठी कर्ज घेणाऱ्या किंवा जुने कर्ज फेडून नव्या दराने घेणाऱ्या माणसाच्या घरी जायचे, त्याची ओळख पटवायची, कर्जाच्या शंभर-दीडशे पानांवर त्याच्या सह्या घ्यायच्या, जिथे नोटरीचा शिक्का लागतो तिथे तो मारायचा आणि शक्यतो त्याच दिवशी सगळा गठ्ठा कुरिअरने टायटल कंपनीकडे (घराची मालकी तपासून व्यवहार पूर्ण करणाऱ्या कंपनीकडे) रवाना करायचा. पुण्यात मी नऊ वर्षे एका बँकेच्या गृहकर्ज विभागात होते, त्यामुळे एच-४ व्हिसावर (अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर) कामाचा परवाना मिळाल्यावर हे काम मला जवळचे वाटले. कागद मला समजतात, पण कागदांच्या आजूबाजूचे सगळे मात्र मला अजून जमलेले नाही.

गेल्या महिन्यातला एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण माझे बहुतेक प्रश्न त्यातच आहेत. सेलिना येथे संध्याकाळी साडेसहाची वेळ ठरली होती आणि मोबदला ८५ डॉलर होता. सकाळपासून मी कागदांची वाट पाहत होते, ते आले पाच वाजून दहा मिनिटांनी. १६२ पाने, त्यात लेटर आणि लीगल (लेटरपेक्षा लांब) आकाराची पाने मिसळलेली, आणि माझ्या प्रिंटरला कागदाचा एकच ट्रे. मी पाने निवडून दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत छापली, मधेच कागद अडकला, आणि मी वीस मिनिटे उशिरा पोहोचले. दांपत्य आपल्याकडचेच, नाशिकचे होते, त्यांनी चहा पुढे केला. मी ओळखपत्रे मागितली तेव्हा पतींच्या ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत सहा आठवड्यांपूर्वी संपलेली दिसली, कारण व्हिसाची मुदतवाढ अजून यायची होती. पत्नींचे लायसन्स चालू होते, पण त्यावर माहेरचे आडनाव होते, आणि डीड ऑफ ट्रस्टवर (घर कर्जासाठी तारण ठेवल्याच्या दस्तावर) मात्र पतीचे नाव मधे घालून सासरचे आडनाव छापलेले होते.

ज्या साइनिंग कंपनीने (टायटल कंपनीसाठी नोटरी नेमणाऱ्या मधल्या कंपनीने) काम दिले होते तिला मी तिथूनच फोन केला. "तुम्ही शिक्का मारून टाका, बाकीचे आम्ही पाहून घेऊ," असे उत्तर मिळाले. मी नकार दिला. सह्या झाल्या नाहीत म्हणून मोबदलाही मिळाला नाही. परत निघताना त्या ताई मला म्हणाल्या, "तुम्ही मराठी आहात, एवढे तर समजून घ्याल असे वाटले होते." ते वाक्य अजून मनातून जात नाही.

माझे प्रश्न असे आहेत. मी नकार देऊन योग्य केले का, आणि त्या वेळी दुसरा काही मार्ग होता का? मोबदला किती असावा म्हणजे हे काम परवडेल? एका कंपनीकडून दोन कामांचे पैसे ७० दिवस होऊनही आलेले नाहीत, त्याचे काय करावे? आणि आपल्या मराठी मंडळींमध्ये या सेवेची माहिती द्यायची असेल तर कोणती काळजी घ्यावी?

आडवाट (अर्विंग, टेक्सास)

रानजाई, मी याच भागात अकरा वर्षे हे काम करतो आहे, म्हणून आधी पैशांविषयी लिहितो. ओळखपत्रांविषयी इथे माझ्यापेक्षा अधिक जाणकार मंडळी आहेत.

तुमच्या सेलिनाच्या कामाचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहा. प्लेनोहून जाऊन-येऊन सुमारे ५० मैल होतात. आयकर खात्याने २०२५ सालासाठी गाडीच्या व्यावसायिक वापराचा प्रमाणित दर मैलाला ७० सेंट ठरवला होता. त्या दराने गाडीचेच ३५ डॉलर झाले, टोल त्यात धरलेला नाही. कर्जदाराची प्रत धरून सव्वातीनशे पाने छापायची, म्हणजे कागद आणि टोनरचे आणखी दहा डॉलर. उरले ४०. आता वेळ मोजा. कागद उतरवून छापायला ४० मिनिटे, प्रवासाला ७०, टेबलावर एक तास, सह्या झालेली सगळी पाने स्कॅन करून पाठवायला अर्धा तास आणि कुरिअरच्या दुकानात २० मिनिटे. हे तीन तास चाळीस मिनिटे होतात. ताशी अकरा डॉलरही पडत नाहीत, आणि त्यातून स्वयंरोजगाराचा कर अजून जायचा आहे. म्हणून माझा नियम असा आहे की आकडा ऐकून होकार द्यायचा नाही. पत्ता, पानांची संख्या आणि स्कॅन करून पाठवायचे आहे की नाही, या तीन गोष्टी विचारल्यावरच आकडा मीच सांगतो. सेलिनासारख्या ठिकाणासाठी मी १४० च्या खाली जात नाही. दहापैकी सात वेळा समोरचा फोन ठेवतो, हे मला मान्य आहे. पण त्या सात संध्याकाळी मी घरी असतो आणि गाडीवर मैल चढत नाहीत.

कराच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. नोटरीच्या कृत्याचा जो कायद्याने ठरलेला मोबदला असतो, म्हणजे टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२३ पासून पहिल्या सहीला जास्तीत जास्त १० डॉलर आणि त्याच दस्तावरच्या पुढच्या प्रत्येक सहीला १ डॉलर, त्यावर स्वयंरोजगाराचा कर लागत नाही. प्रवास, छपाई आणि बाकी सेवेच्या मोबदल्यावर मात्र तो लागतो. जर्नलमध्ये (नोटरीच्या नोंदवहीत) प्रत्येक कृत्याची नोंद नीट असेल तर वर्षाच्या शेवटी ही विभागणी दाखवता येते.

कामाची आवक व्याजदरावर अवलंबून असते, हेही मनाशी पक्के असू द्या. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. जो तो कर्ज बदलून घेत होता आणि मी दिवसाला पाच-पाच घरी जात होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच दर ७.७९ टक्क्यांवर गेला आणि मला आठवड्याला दोन कामे मिळेनाशी झाली. ज्यांनी तेजीत नोकऱ्या सोडल्या त्यांचे फार हाल झाले. घरखर्च ज्यावर चालतो असे हे एकमेव उत्पन्न असू नये, असे मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

थकलेल्या पैशांविषयी : काम स्वीकारल्याचा ईमेल, कुरिअरच्या पावतीचा क्रमांक आणि तुमचे बिल एकत्र ठेवा. तीस दिवस झाले की नम्र स्मरणपत्र पाठवा, पंचेचाळीस दिवस झाले की रीतसर मागणीपत्र पाठवा. मागणीपत्राच्या वेळी ज्या टायटल कंपनीचे ते काम होते तिलाही कळवा. आपण नेमलेली मधली कंपनी नोटरीचे पैसे देत नाही, हे त्यांना बहुतेक वेळा ठाऊकच नसते, आणि माझा अनुभव असा की त्यांचा एक फोन गेला की आठवड्यात धनादेश येतो. तरीही काही झाले नाही तर जस्टिस कोर्टात (लहान दाव्यांच्या स्थानिक न्यायालयात) वकिलाशिवाय दावा लावता येतो. दोनशे डॉलरसाठी मी आजवर एकदाच तिथवर गेलो, पण जाता येते हे समोरच्याला माहीत असले पाहिजे.

दोन ट्रे असलेला लेझर प्रिंटर लगेच घ्या. वरच्या ट्रेमध्ये लेटर, खालच्या ट्रेमध्ये लीगल, म्हणजे यंत्र स्वतःच आकार ओळखून कागद ओढते. लीगल आकाराचे पान लेटरवर लहान करून छापू नका. नोंदणीसाठी जाणाऱ्या कागदावरचे समास आणि अक्षराचा आकार त्यामुळे बदलतो आणि गठ्ठा परत येऊ शकतो. आणि कागद वेळेच्या दोन तास आधी आले नाहीत तर पाच वाजेपर्यंत वाट पाहू नका. साडेचार वाजताच कर्जदाराला स्वतः फोन करून वेळ पुढे ढकला, कारण दारात उभे राहून क्षमा मागण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

उंबरठा (ह्यूस्टन, टेक्सास)

मी एका टायटल कंपनीच्या एस्क्रो विभागात (व्यवहार पूर्ण होईपर्यंत पैसे आणि कागद सांभाळणाऱ्या विभागात) काम करते, म्हणजे रानजाई यांनी पाठवलेला गठ्ठा ज्या टेबलावर उघडला जातो त्या टेबलावर मी बसते. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या बाजूने देते.

शिक्का मारायला तुम्ही नकार दिलात, हे अगदी योग्य केलेत. "बाकीचे आम्ही पाहून घेऊ" असे म्हणणाऱ्या माणसाचे नाव त्या प्रमाणपत्रावर नसते, तुमचे असते. पुढे वाद झाला तर न्यायालय तुम्हालाच विचारणार की ही व्यक्ती तीच आहे हे तुम्ही कशावरून ठरवले. टेक्सासमध्ये नोटरीला १०,००० डॉलरचा बाँड (हमीपत्र) द्यावा लागतो, पण तो बाँड तुमच्या संरक्षणासाठी नसून लोकांच्या संरक्षणासाठी असतो. हमीदार कंपनी नुकसान भरून देते आणि मग ती रक्कम तुमच्याकडून वसूल करते. तुमच्या चुकीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. तो घेतला नसेल तर पुढच्या कामाआधी घ्या.

मात्र पतींच्या बाबतीत एक मार्ग होता. व्हिसावर असलेल्या माणसाला टेक्सासमध्ये मर्यादित मुदतीचे लायसन्स मिळते आणि ते त्याच्या कायदेशीर वास्तव्याच्या मुदतीबरोबरच संपते, त्यामुळे मुदतवाढीची वाट पाहणाऱ्या भारतीय कुटुंबांत हा प्रश्न सारखा येतो. टेक्सासच्या कायद्यात निवासी मालमत्तेच्या व्यवहारातील दस्तासाठी परदेशी सरकारने दिलेला, मुदत न संपलेला पासपोर्ट ओळखीचा पुरावा म्हणून चालतो. त्यांचा भारतीय पासपोर्ट बहुधा आतल्या कपाटातच होता. बँकेची वेगळी अट नाही ना, एवढे टायटल कंपनीला विचारून तुम्ही त्यांची सही घेऊ शकला असता. म्हणून आदल्या दिवशीच्या फोनमध्ये "ओळखपत्र तयार ठेवा" एवढेच म्हणू नका. ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः वाचून दाखवायला सांगा, मुदतीची तारीख विचारा आणि पासपोर्टही टेबलावर ठेवायला सांगा. कर्जाच्या कागदांवरचे नाव कागद यायच्या आधीही टायटल कंपनीकडून मिळते. ते समोर ठेवूनच हा फोन करा.

पत्नींच्या बाबतीत मात्र मार्ग नव्हता. तुम्ही स्वतः ओळखत असलेल्या विश्वासू साक्षीदाराने शपथेवर त्यांची ओळख पटवली तर कायदा ते मान्य करतो, पण असा साक्षीदार सेलिनात संध्याकाळी साडेसहाला कुठून आणणार? कागद नव्याने तयार करणे, हाच त्याचा उपाय. लायसन्सवर आहे ते नाव घालायचे आणि दुसरे नाव "या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या" अशा शब्दांत जोडायचे. हे काम बँकेचे आणि आमचे आहे. सहीचे नाव जुळत नाही हे आम्हाला दोन दिवस आधी कळले तर अर्ध्या तासात नवे कागद निघतात, टेबलावरून कळले तर व्यवहार तीन दिवस मागे जातो.

आमच्याकडे परत येणाऱ्या गठ्ठ्यांत ज्या चुका मी रोज पाहते त्यातली सर्वांत महाग चूक म्हणजे रद्द करण्याच्या हक्काच्या सूचनेवरची तारीख. राहत्या घरावरचे कर्ज बदलून घेताना बहुतेक वेळा कर्जदाराला तीन कामकाजी दिवसांत व्यवहार रद्द करता येतो, आणि त्या मोजणीत शनिवार धरला जातो, रविवार आणि संघराज्याच्या सुट्ट्या धरल्या जात नाहीत. बुधवारी सही झाली तर शनिवारी मध्यरात्रीपर्यंत मुदत असते. शुक्रवारी झाली तर शनिवार, सोमवार आणि मंगळवार मोजायचे. सही एक दिवस पुढे गेली आणि छापील तारीख तशीच राहिली, तर कर्जाची रक्कम द्यायची थांबते. ती तारीख स्वतःच्या मनाने खोडू नका, टेबलावरूनच आम्हाला फोन करा. मालकीहक्क असलेल्या प्रत्येकाला त्या सूचनेच्या दोन प्रती द्यायच्या असतात, हेही विसरले जाते.

आणखी एक गोष्ट केवळ आपल्या राज्याची आहे. १९९७ च्या घटनादुरुस्तीने टेक्सासमध्ये राहत्या घराच्या मूल्यावर रोख कर्ज काढायला परवानगी मिळाली, पण त्याच कलमात अशी अट आहे की त्या कर्जाच्या सह्या सावकाराच्या, वकिलाच्या किंवा टायटल कंपनीच्या कचेरीतच व्हाव्यात. कर्जदाराच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या झाल्या तर सावकाराचा घरावरचा हक्कच धोक्यात येतो. परराज्यातल्या साइनिंग कंपन्यांना हे ठाऊक नसते आणि त्या घरचा पत्ता देऊन मोकळ्या होतात. कागद उघडल्यावर त्या घटनेच्या कलमाचा, ५०(अ)(६) चा, उल्लेख दिसला तर गाडी काढू नका, आधी फोन करा.

चाफेकळी (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

मराठी मंडळींमध्ये काम करण्याविषयी विचारले आहे म्हणून लिहिते, कारण माझे निम्म्याहून अधिक काम आता कर्जाचे नसून आपल्या लोकांच्या मुखत्यारपत्रांचे आहे.

आपल्या लोकांच्या मनात नोटरी म्हणजे वकील असतो, आणि त्यात त्यांची चूक नाही. भारतात नोटरी होण्यासाठी साधारणपणे किमान दहा वर्षे, आणि महिलांसाठी सात वर्षे, वकिली केलेली असावी लागते. इथे आपण वकील नाही. आपण ओळख पाहतो, शपथ देतो, सही आपल्या देखत किंवा खुषीने केल्याचे नोंदवतो आणि तिथे थांबतो. त्यामुळे "हा व्याजदर बरा आहे का", "भावाला मुखत्यारपत्र देऊ की बहिणीला" हे प्रश्न हमखास येतात, आणि बँकेतला नऊ वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला उत्तर न देणे किती जड जाते हे मी समजू शकते. पण उत्तर दिले की तो परवान्याशिवाय केलेला कायदेशीर सल्ला ठरू शकतो. मी त्यांना कागदावरचा तो आकडा कोणत्या पानावर छापला आहे ते बोटाने दाखवते आणि बँकेच्या माणसाचा फोन नंबर पुढे करते.

जाहिरातीविषयी तुमच्या राज्यातला नियम नीट पाळा. टेक्सासमध्ये वकील नसलेल्या नोटरीने इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत जाहिरात केली, तर आपण वकील नाही, कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही आणि त्यासाठी पैसे घेऊ शकत नाही, अशी सूचना इंग्रजीत आणि त्या भाषेत ठळकपणे द्यावी लागते. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेतील चौकट असो वा मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटातला मजकूर, मराठीत लिहिलात तर ती सूचनाही मराठीत आणि इंग्रजीत लिहा.

आता मुखत्यारपत्र. पुण्यातला फ्लॅट विकायचा असतो आणि तिथल्या वकिलाने पाठवलेला मजकूर घेऊन लोक येतात. नोंदणी कायद्याच्या ३३ व्या कलमानुसार परदेशात केलेले मुखत्यारपत्र नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर करता येते, आणि भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा (एका देशाचे सरकारी प्रमाणन दुसऱ्या देशाने मान्य करण्याच्या कराराचा) सदस्य आहे, त्यामुळे नोटरी झाल्यावर राज्याच्या सचिवालयाकडून अपोस्टिल घेऊन कागद पाठवता येतो. महाराष्ट्रात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. यातले काय निवडायचे ते त्यांच्या वकिलाला विचारा, असे मी सांगते आणि माझे काम सहीपुरते ठेवते.

एक प्रसंग मी कधी विसरणार नाही. मुलाकडे आलेल्या सत्तरीतल्या एक आजी होत्या, निवृत्त शिक्षिका. कॅलिफोर्नियात मुखत्यारपत्रासाठी आणि घराच्या दस्तांसाठी नोटरीच्या जर्नलमध्ये सही करणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा लागतो. मी शाईची डबी उघडून पुढे केली तेव्हा त्यांचा हात मागे गेला. "मी सही करते ना, अंगठा कशाला? मी काही अंगठेबहाद्दर नाही," असे त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. पस्तीस वर्षे मुलांना अक्षर गिरवायला शिकवलेल्या बाईसमोर मी शाई ठेवली होती. मी डबी बंद केली, आधी माझ्या जर्नलची मागची पाने पालटून इतरांचे ठसे दिसतील एवढीच, नावे झाकून, त्यांना दाखवली आणि सांगितले की इथे डॉक्टरांनाही ठसा द्यावा लागतो, तो तुमच्या नावाने दुसऱ्या कोणी सही करू नये म्हणून असतो. मग त्यांनी स्वतः अंगठा पुढे केला. आता मी ठशाविषयी फोनवरच सांगून ठेवते. भाषेचाही इथे मोठा उपयोग होतो, कारण आमच्या राज्यात नोटरी आणि सही करणारा यांच्यामध्ये दुभाषी चालत नाही, दोघांना एकमेकांशी थेट बोलता आले पाहिजे. केवळ मराठी बोलणाऱ्या आई-वडिलांसाठी म्हणूनच लोक मला दोन तासांच्या अंतरावरून बोलावतात. मुलगा शेजारी बसून "हो म्हण ना आई" असे सांगत असेल तर त्याला मी थोडा वेळ दुसऱ्या खोलीत जायला सांगते आणि आईंनाच विचारते की हा कागद कशाचा आहे. उत्तर आले नाही तर सही होत नाही.

त्या नाशिकच्या ताईंचे वाक्य मनाला लावून घेऊ नका. त्यांना फोन करून नवे कागद आले का ते विचारा.

रानजाई (प्लेनो, टेक्सास)

सर्वांचे मनापासून आभार. त्या ताईंना काल फोन केला. कागद नव्या नावाने आले होते आणि टायटल कंपनीच्या कचेरीत सह्या झाल्या. पतींनी पासपोर्ट दाखवला आणि तो चालला. म्हणजे उंबरठा यांनी सांगितले तसेच झाले. दोन ट्रेचा प्रिंटर मागवला आहे, विम्याचा अर्जही आज भरला.

एक शेवटचा प्रश्न आहे. माझ्या कामाच्या परवान्याची मुदत सप्टेंबरमध्ये संपते. नोटरीची नेमणूक मात्र आणखी तीन वर्षे आहे. मधल्या काळात काय करावे?

आडवाट (अर्विंग, टेक्सास)

नेमणूक चालू असली तरी कामाचा परवाना संपला की मोबदला घेऊन एकही सही घेऊ नका. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही, म्हणून नियमात बसेल तितक्या लवकर अर्ज करा आणि इमिग्रेशनच्या वकिलाचा एकदा सल्ला घ्या. परवान्यावरच्या तारखेनंतरची कोणतीही वेळ आधीपासून स्वीकारून ठेवू नका. कंपन्यांना आजच कळवा की त्या तारखेपासून तुम्ही उपलब्ध नाही. नवे कार्ड हातात आले की पुन्हा कळवा. त्या काळात शिक्का आणि जर्नल कुलपात ठेवा, घरातल्या दुसऱ्या कोणाच्याही हाती ते लागू देऊ नका.